पानातले आकडे

दिवाळीच्या दिवसांत घरोघर डब्यांची झाकणे उघडू लागली की वर्तमानपत्रात एक मजकूर हटकून येतो. तळलेले किती खावे, तुपाने काय होते, साखर कोणाला कशी बाधते. सुरुवातीला ‘नुकत्याच झालेल्या एका संशोधनानुसार’ असे शब्द असतात आणि शेवटी कोणा तज्ज्ञाचा सल्ला. गेली कित्येक वर्षे मी हे मजकूर वाचत आलो आहे. मी वैद्य नव्हे, संख्याशास्त्रज्ञही नव्हे. वाचणे आणि वाचलेल्याची चिकित्सा करणे एवढाच माझा उद्योग. पण कादंबरी वाचताना आपण विचारतोच ना, की हे लेखकाला कसे कळले, मधली पायरी कोठे गेली, हे पात्र असे वागले ते नेमके कशामुळे? तेच प्रश्न या मजकुरांना विचारायला हरकत नसावी. मी ते विचारू लागलो, मूळ निबंध जेवढे मिळाले तेवढे मिळवून वाचले, आणि माझे मत असे झाले की अमुक खाल्ल्याने तमुक रोग होतो असे सांगणारे बरेचसे वाङ्मय ज्या ठामपणाने बोलते, त्या ठामपणाला पुरेल एवढा पुरावा त्याच्या पदरी नसतो. याचे मुख्य कारण लबाडी नव्हे. माणूस काय खातो हे कळणेच कठीण. आणि त्याच्या खाण्याचा परिणाम त्याच्या बाकीच्या आयुष्यापासून वेगळा काढणे त्याहून कठीण.

कॉफीची गोष्ट जरा विस्ताराने सांगतो. १९८१ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातील ब्रायन मॅकमहॉन आणि त्यांचे सहकारी यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. स्वादुपिंडाचा कर्करोग झालेले ३६९ रुग्ण त्यांनी घेतले. तुलनेसाठी त्याच रुग्णालयांतले, पण दुसऱ्या आजारांचे, ६४४ रुग्ण घेतले. दोन्ही गटांना त्यांनी सिगारेट, दारू, चहा आणि कॉफी यांविषयी विचारले. कर्करोगाचे रुग्ण कॉफी अधिक पिणारे निघाले. दिवसाला तीन किंवा अधिक कप पिणाऱ्याला, न पिणाऱ्याच्या मानाने, धोका २.७ पट! मॅकमहॉन हे कोणी ऐरेगैरे गृहस्थ नव्हते. रोगांच्या प्रसाराचा अभ्यास करणाऱ्यांत त्यांचे नाव मोठे. निबंध छापणारे नियतकालिकही जगातल्या पहिल्या ओळीतले. साहजिकच बातमी सर्वत्र गेली आणि कपाकडे लोक संशयाने पाहू लागले.

मग टीकाकारांनी एक साधा प्रश्न विचारला: तुलनेसाठी घेतलेले ते ६४४ रुग्ण कोण? ते बहुतांशी, ज्या डॉक्टरांनी कर्करोगाच्या रुग्णांना दाखल केले होते, त्याच डॉक्टरांचे इतर रुग्ण होते. आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे रुग्ण जातात कोणाकडे? पोटाच्या विकारांच्या डॉक्टरांकडे. म्हणजे तुलनेच्या गटात पोटाचे रुग्ण भरपूर. आणि पोट दुखू लागल्यावर माणसाने सोडलेली पहिली वस्तू, स्वतःच्या मनाने म्हणा की डॉक्टरांच्या सांगण्यावरून म्हणा, ती कॉफीच. कर्करोगवाले कॉफी जास्त पीत होते असे नव्हे. शेजारचे लोक कमी पीत होते. आपल्याकडे पित्ताचा त्रास असलेल्या माणसाचा चहा असाच पहिल्यांदा बंद होतो. अशा माणसांची एक रांग उभी करा. तिच्याशेजारी दुसरी कोणतीही रांग चहाबाजच दिसेल. १९८६ साली याच मंडळींनी पुन्हा शोध घेतला, तेव्हा पहिल्या खेपेचा तो ठळक संबंध त्यांना दिसला नाही, आणि तसे त्यांनी छापून सांगितले. हा त्यांचा सच्चेपणा. पण पहिली बातमी जितक्या घरांत गेली तितक्या घरांत ही दुसरी गेली नाही. अशी दुसरी बातमी कधीच जात नाही.

आता कोणी म्हणेल, की रुग्णांना मागाहून विचारण्यात घोटाळा होतो हे कबूल. पण धडधाकट माणसे आधी घेऊन, त्यांचे खाणे टिपून, वर्षानुवर्षे त्यांच्यावर नजर ठेवली तर? तेही झाले आहे. १९७६ साली अमेरिकेत १,२१,७०० परिचारिकांची नोंद करून असा एक प्रचंड अभ्यास सुरू झाला. १९८० साली त्यांच्याकडून ६१ पदार्थांची एक प्रश्नावली भरून घेण्यात आली: गेल्या वर्षभरात हा पदार्थ तुम्ही सरासरीने किती वेळा खाल्लात? महिन्यातून एकदा, आठवड्यातून एकदा, रोज? या पद्धतीच्या प्रश्नावल्यांवर पुढे आहारविषयक निबंधांची केवढी तरी इमारत उभी राहिली.

ही प्रश्नावली आपल्या एखाद्या घरात आली आहे अशी कल्पना करा. ‘गेल्या वर्षात चकली सरासरीने किती वेळा?’ काय लिहायचे? दिवाळीत आठ दिवस सकाळ-संध्याकाळ, पुढे डबा संपेपर्यंत येता-जाता, आणि मग एकदम गणपतीत कोणी पाहुणा घेऊन आला तर. ‘आंबा?’ मे महिन्यात मोजदाद नाही, ऑगस्टपासून शून्य. ‘कांदा?’ एरवी रोज. चातुर्मासात, निदान सासूबाई होत्या तोवर, अजिबात नाही. ‘उपवास करता का?’ करतो, पण एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण ज्या समाजाने स्वतःविषयी रचली, त्याच्या उपवासाची नोंद कोणत्या रकान्यात करायची? साबुदाण्याची खिचडी शेंगदाण्यात धरायची की तुपात? पुन्हा, रांधते एक, वाढते दुसरी, आणि खाणाऱ्याला आपण तेल किती खाल्ले याचा पत्ता नसतो. आमच्या घरात महिन्याला तेल किती लागते हे किराण्याच्या यादीवरून कळेल. त्यातले माझ्या पोटात किती गेले हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. शिवाय विचारणारा पांढऱ्या कोटातला असला की आपण भाजी दोन घास वाढवून सांगतो आणि मिठाई दोन घास कमी करून. यात खोटेपणा नाही. ती रीतच आहे.

बरे, खाण्याची नोंद अचूक झाली असे क्षणभर धरू. तरी दुसरी अडचण उरतेच. जो माणूस रोज कोशिंबीर आणि फळे खातो तो बहुधा पहाटे फिरायलाही जातो, तंबाखू खात नाही, दात दुखला की त्याच दिवशी डॉक्टरकडे जातो, आणि त्याला हे सारे परवडते. तो अधिक जगला तर श्रेय कोणाला द्यायचे? गाजराला? संख्याशास्त्रज्ञ म्हणतात की आम्ही या बाकीच्या गोष्टींची वजावट करतो. करतात, आणि मन लावून करतात. पण जे मोजले गेले त्याचीच वजावट होते.

गाजराचे नाव उगीच घेतले नाही. फळे-भाज्या पुष्कळ खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, असे पाहणी करणारे अनेक अभ्यास सांगत होते. संशय, म्हणजे चांगल्या अर्थाने संशय, गाजरातल्या बीटा-कॅरोटीनवर गेला. मग फिनलंडमध्ये रीतसर प्रयोग झाला. पन्नास ते एकोणसत्तर वयाचे २९,१३३ धूम्रपान करणारे पुरुष घेतले आणि कोणाला खरी गोळी व कोणाला पोकळ गोळी द्यायची हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले. कोणाच्या वाट्याला काय आले हे खुद्द त्यालाही ठाऊक नव्हते. १९९४ साली निकाल आला: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक. अमेरिकेतला असाच दुसरा प्रयोग याच कारणाने १९९६ साली मुदतीआधी थांबवावा लागला. जी वस्तू वाचवते असे पाहण्यांवरून वाटले होते, तिच्या गोळ्यांनी, निदान सिगारेट ओढणाऱ्यांचे, नुकसानच केले. ही एक हकीकत जरी डोळ्यांपुढे ठेवली तरी ‘अभ्यासात असे दिसून आले’ या शब्दांपुढे माणूस क्षणभर थांबेल. कोणत्या अभ्यासात? विचारून की देऊन?

हे सारे परदेशातले, आपल्याशी काय संबंध, असे मात्र कोणी म्हणू नये. या वाङ्मयातला मला सर्वांत आवडलेला निबंध आपल्या रेल्वेतला आहे. पश्चिम रेल्वेच्या वैद्यकीय खात्यात मुंबईला डॉ. एस. एल. मल्होत्रा म्हणून होते. रेल्वे ही एक अखंड प्रयोगशाळाच आहे हे त्यांच्या ध्यानात आले. काश्मीरच्या पायथ्यापासून रामेश्वरापर्यंत एकच नोकरी, एकाच हुद्द्याला एकच पगार, स्वतःची रुग्णालये आणि प्रत्येकाच्या वयाची व मृत्यूची नोंद. त्यांनी ठिकठिकाणच्या कर्मचाऱ्यांतले हृदयविकाराचे मृत्यू तपासले, आणि १९६७ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले. दक्षिणेकडील कर्मचाऱ्यांत या विकाराचे मृत्यू पंजाबकडच्यांच्या सातपट! आणि खाण्यात पाहावे तर स्निग्ध पदार्थ पंजाबात कित्येक पटींनी जास्त, तेही दुधातुपाचे; दक्षिणेत थोडे, आणि ते बियांच्या तेलांचे.

त्या काळात अमेरिकेत अ‍ॅन्सेल कीज यांचे मत जोरात होते, की प्राणिज स्निग्धामुळे रक्तातले कोलेस्टेरॉल वाढते आणि हृदय धोक्यात येते. १९५३ सालच्या एका निबंधात त्यांनी सहा देशांचे आकडे मांडले होते. १९५७ साली येरुशाल्मी आणि हिलबो या दोघांनी, आकडे तर बावीस देशांचे मिळतात, असे दाखवून ते सर्व मांडले, तेव्हा तो सुंदर संबंध बराच फिका पडला. अशा वेळी आपल्या एका रेल्वेच्या डॉक्टराने उलट्या बाजूचे आकडे आणावेत याचा कोणाही मराठी माणसाला आनंद व्हावा. तुपाची धार वाढताना आजी म्हणत होती तेच खरे!

पण येथेच जपायला हवे. पंजाबी खलाशी आणि मद्रासी खलाशी यांच्यात तुपाखेरीज दुसरा फरक नव्हता काय? गहू आणि तांदूळ, हवा, बांधा, चालणे, तंबाखू, आणि छातीत कळ येऊन माणूस गेला तर त्याच्या मृत्यूचे कारण म्हणून कोणता शब्द लिहायचा ही तिथल्या डॉक्टरांची सवय, सगळेच निराळे. कीज यांच्या आकड्यांना आपण जे प्रश्न विचारले ते मल्होत्रांच्या आकड्यांना न विचारणे म्हणजे आपला निकाल आधी ठरवून साक्षीपुरावा मागाहून ऐकणे. पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. १९९० ते २०१६ या काळातील भारतातल्या राज्याराज्यांच्या रोगभाराचा मोठा आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे प्रमाण २०१६ साली सर्वांत जास्त असलेली राज्ये तीन: केरळ, पंजाब आणि तमिळनाडू. पन्नास वर्षांत पंजाब दक्षिणेच्या पंक्तीला येऊन बसला. तूप तेथे एकोणीसशे साठातही होतेच. तेव्हा मल्होत्रांचा निबंध मी आजही आवडीने वाचतो. त्याच्या आधारावर तुपाची वाटी मात्र कोणापुढे सरकवणार नाही.

एकच निबंध वाचून हा गोंधळ कळत नाही. अनेक शेजारी-शेजारी ठेवावे लागतात. शोनफेल्ड आणि आयोनिडिस यांनी तेच केले. त्यांनी एक प्रसिद्ध अमेरिकन पाकपुस्तक घेतले, त्यातून चिठ्ठ्या टाकल्यासारखे पन्नास जिन्नस निवडले आणि प्रत्येकाचा कर्करोगाशी संबंध तपासणारे निबंध शोधले. पन्नासांपैकी चाळिसांवर निबंध निघाले! २०१३ साली छापलेल्या त्यांच्या हिशेबात २६४ निष्कर्ष होते. १०३ म्हणत होते धोका वाढतो, ८८ म्हणत होते कमी होतो. आणि पुष्कळदा एकाच पदार्थाविषयी दोन्ही. पुरावा बहुतेकांचा लंगडा. उद्या कोणी कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ घेऊन हाच खेळ केला, तर हळदीपासून हिंगापर्यंत एकही जिन्नस आरोपीच्या किंवा तारणहाराच्या पिंजऱ्याबाहेर राहील असे मला वाटत नाही.

वर्तमानपत्रे या गोंधळात आपली भर घालतात ती टक्क्यांच्या रूपाने. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने सांगितले, की खारवून, धुरवून टिकवलेले मांस रोज ५० ग्रॅम खाल्ले तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. गोव्यातल्या चोरीस खाणाऱ्या स्नेह्यांना धडकी भरली. पण १८ टक्के कशाचे? ज्या देशात शंभरांतल्या पाचांना आयुष्यात कधीतरी हा रोग होतो, तेथे रोज, जन्मभर ते मांस खाणाऱ्या शंभरांत पाचाचे जवळजवळ सहा होतील. हा वाढलेला एक माणूस नगण्य आहे असे मी म्हणत नाही. पण ‘१८ टक्के’ या शब्दांनी जे चित्र उभे राहते ते ह्याचे नव्हे. त्याच वेळी मथळ्यांनी हे मांस तंबाखूच्या रांगेत बसवले, कारण संस्थेने दोघांना एकाच वर्गात घातले होते. तो वर्ग पुराव्याच्या खात्रीचा होता, धोक्याच्या आकाराचा नव्हे. तंबाखूचा आकार पाहायचा असेल तर १९५० पासूनचे डॉल आणि हिल यांचे काम पाहावे. भरपूर सिगारेट ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका न ओढणाऱ्याच्या दहा-वीस पट आणि त्याहूनही अधिक निघतो. एवढा मोठा फरक पाहणीच्या साऱ्या चुका पोटात घालूनही शिल्लक राहतो. एकाचे सव्वा झाले, तर तो फरक प्रश्नावलीतल्या एका रकान्याने घडवला की रोगाने, हे सांगणे मुश्किल.

याचा अर्थ आहारशास्त्र म्हणजे सगळा बाजार, असा काढून कोणी जिलबीची ताटली पुढे ओढणार असेल तर तो माझा वाचक नव्हे. डालड्याचेच पाहा. १९३७ साली तो बाजारात आला आणि ताडाच्या झाडाचे चित्र असलेला पिवळा डबा घरोघर जाऊन बसला. तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करायचे, ही त्याची कृती. तीत ट्रान्स जातीची स्निग्धाम्ले तयार होतात. १९९० साली हॉलंडमध्ये मेन्सिंक आणि काटान यांनी ५९ निरोगी माणसे घेतली आणि प्रत्येकाला तीन तऱ्हेचे जेवण तीन-तीन आठवडे स्वतः पुरवले. ‘काय खाल्लेत?’ असे विचारलेच नाही, वाढले. ट्रान्स स्निग्धाने रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढले आणि चांगले घटले. माणसे फक्त ५९, पण प्रत्येक जण स्वतःच्याच तुलनेला उभा. चालणारा आणि न चालणारा, श्रीमंत आणि गरीब हा प्रश्नच उरला नाही. पुढे इतर तऱ्हेचे पुरावेही त्याच दिशेला आले. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून तेला-तुपांतल्या या स्निग्धाची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली, ती मला योग्य वाटते. वनस्पती तुपातल्या शंकरपाळ्यांविषयी ज्यांना हळवेपणा आहे त्यांनी मला क्षमा करावी.

मी हे इतक्या पोटतिडकीने का लिहितो, असे कोणी विचारील. आमच्या शेजारी एक आजी होत्या, ऐंशी ओलांडलेल्या. मुलगा आईवर जीव टाकणारा. कात्रणे काढून ठेवणारा. एका कात्रणाने आजींचे तूप गेले, दुसऱ्याने अंड्यातले पिवळे, तिसऱ्याने ओले खोबरे, मग केळे, मग शेंगदाणे. आधीच भूक मंदावलेली. पानात उरले काय तर बिनतेलाची भाजी आणि कोरडी भाकरी. आजी दोन घास खाऊन पान सारीत आणि मुलाला वाटे, आपण आईची काळजी घेतो आहोत. त्यांचे वजन इतके उतरले की अखेर डॉक्टरांनीच बजावले, यांना रुचेल ते खाऊ घाला. कात्रणांतले अभ्यास बहुतेक चाळिशी-पन्नाशीतल्या, भरपूर खाणाऱ्या, परदेशी माणसांवरचे. ते येथे ऐंशीच्या, न खाणाऱ्या बाईच्या पानात आणून बसवले होते. अंड्याच्या पिवळ्याचे तर असे, की अमेरिकेच्या सरकारी आहारसल्ल्यात कोलेस्टेरॉलची रोजची जी ३०० मिलिग्रॅमची मर्यादा होती, ती २०१५ च्या आवृत्तीत राहिलीच नाही. आजींपर्यंत ही बातमी पोचली नव्हती.

संशोधकांच्या पैशांविषयीही पुष्कळ बोलले जाते. ते निराधार नाही: १९६७ साली साखरेच्या बाजूने झुकणारा एक परीक्षणलेख हार्वर्डच्या मंडळींनी लिहिला, त्यासाठी साखर व्यवसायाच्या संस्थेने ६,५०० डॉलर मोजले होते, हे २०१६ साली उघडकीस आले. पण माझा मुख्य राग त्यावर नाही. पैसे घेणारा सापडतो; पैसे न घेता, प्रामाणिकपणे, चुकीच्या रांगेशी तुलना करणारा सापडायला वर्षे लागतात.

मग पाहणीवर कधीच विश्वास ठेवू नये का? ठेवावा; पण ती कशी केली हे पाहून. कॉफीचेच पुढचे सांगतो. १९९१ साली वर सांगितलेल्या त्याच कर्करोगविषयक संस्थेने मूत्राशयाच्या कर्करोगाच्या संशयावरून कॉफीला संशयितांच्या यादीत बसवले होते; २०१६ साली तिला तेथून उठवले. मात्र त्याच बैठकीत ६५ अंशांहून गरम कोणतेही पेय अन्ननलिकेला बहुधा घातक, असे ठरले. मी नेहमीच्या संशयाने पुढचे निबंध पाहिले, आणि २०२० साली छापलेल्या एकापाशी थांबलो. इराणच्या ईशान्येला गोलेस्तान प्रांत आहे. तेथे हा कर्करोग फार, आणि चहाही फार. तेथल्या ५०,०४५ लोकांची नोंद झाली. चहा किती गरम पिता, हे त्यांना नुसते विचारले नाही. समोर दोन कप ओतले, एकात थर्मामीटर ठेवला, तो ७५ अंशांवर आला की दुसऱ्या कपातला घोट घ्यायला सांगितले: असाच पिता का? नाही? मग पाच अंश निवू द्या, पुन्हा घोट घ्या. अशा रीतीने प्रत्येकाचा चहा मोजला. साठ अंश किंवा त्याहून गरम चहा रोज ७०० मिलिलिटर किंवा अधिक पिणाऱ्यांत, निववून कमी पिणाऱ्यांच्या मानाने, हा कर्करोग ९० टक्क्यांनी जास्त निघाला. माझी तक्रार मलाच लागू करायची तर सांगितले पाहिजे, की साऱ्या पन्नास हजारांत, सरासरी दहा वर्षांत, एकूण ३१७ रुग्ण. आणि कढत चहा पिणारा तेथेही बाकी बाबतींत निराळा असू शकतो. तरीही ज्याने थर्मामीटर बरोबर नेला त्याचे म्हणणे मी ऐकून घेतो.

आमचे वडील चहा कपातून बशीत ओतून, बशी दोन्ही हातांनी धरून, वर फुंकर मारून पीत. आम्हां शिकलेल्या मुलांना त्याची लाज वाटे. बशीतला चहा ओठाला लागतो तेव्हा किती अंश असतो हे कोठे मोजलेले मला सापडले नाही. यंदा पाडव्याला सगळे जमतील तेव्हा मी मोजणार आहे. त्यासाठी तापाचा थर्मामीटर चालणार नाही, तो बेचाळीस अंशांपुढे जात नाही. कोपऱ्यावरच्या दूधवाल्याकडचा मागून आणायचे ठरले आहे.